नऊ महिन्यांनंतर: प्युरिफायर ठीक, खरं काम दीडशेच्या स्पनचं

फेब्रुवारीत यूव्ही-यूएफवाला प्युरिफायर घेतला: यूव्ही म्हणजे जंतू मारणारा अतिनील उजेड, यूएफ म्हणजे बारीक छिद्रांचं मेम्ब्रेन. त्याच्या आधी बाहेरच्या बाउलमध्ये स्पन असतो, म्हणजे गाळ अडवणारी धाग्यांची जाड नळी, दीडशे रुपयांची. पाण्यातले क्षार काढणारा आरओ मुद्दाम टाळला. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या नळाचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर 120 च्या आसपास दाखवतो, भारतीय मानकात 500 पर्यंत चालतो. मग निम्मं पाणी मोरीत कशाला सोडायचं?

जूनपर्यंत तक्रार नव्हती. पंचगंगेला गढूळ पाणी आलं आणि जुलैत धार करंगळीएवढी झाली, मग नुसते थेंब. सर्व्हिसचा माणूस आला, बाहेरचा बाउल न उघडताच म्हणाला, "मेम्ब्रेन गेलंय, 2800 होतील." डोकंच फिरलं. त्याच्यासमोर स्पन काढून बाउल रिकामा बसवला, तर धार पहिल्यासारखी. व्हिजिटचे 350 मात्र त्याने घेतलेच.

दीडशे वाचवायला तोच स्पन ब्रशने घासून परत लावला. वरून पांढरा झाला, पण दोन दिवसांत धार पुन्हा गेली. शेवटी हॅक्सॉ ब्लेडने आडवा कापला. बाहेरून चहाच्या चोथ्यासारखा थर, मग निम्म्या जाडीपर्यंत तांबूस, मधल्या नळीजवळ तेवढा पांढरा. गाळ धाग्यांच्या जाडीत खोल रुतलेला. ब्रशने काय निघणार?

माझं इथंच चुकलं, स्पनही कारखान्यातल्या पिशवीसारखा साफ होईल असं वाटलं. शिरोलीला फाउंड्रीत डस्ट कलेक्टर, म्हणजे हवेतली धूळ गाळणारं यंत्र, माझ्याकडे असतं. तिथं कापडी पिशवीवर धुळीचा थर बसतो आणि बारीक धूळ तो थरच अडवतो; नव्या कोऱ्या पिशवीतून सुरुवातीला थोडी निसटते. थर जाड झाला की आतून हवेचा झटका द्यायचा, धूळ खाली हॉपरमध्ये पडते. स्पनला हा इलाज नाही. तुंबला की बदलायचा.

नवा स्पन मिळेपर्यंत चार दिवस आईने हंड्यात तुरटी फिरवली, वरचं पाणी चार पदरी धडप्यातून गाळलं आणि उकळलं. चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात) आतले, आमचा स्पन 5 चा, म्हणजे ते त्यातून निसटू शकतात. तुरटीने ते एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. आणि पाणी गढूळ असलं की यूव्हीचा उजेडही कणांआडच्या जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून स्पनवर एवढं लिहितोय.

स्पनचं हाउसिंग (बाउल आणि झाकण) घेताना पारदर्शक बाउलचंच घ्या. दुकानदार दुधी रंगाचं गळ्यात मारतात, त्यात आतला रंग दिसत नाही. मी मार्करने बाउलवर तारखा टाकतो: जुलैत एक, ऑगस्टमध्ये एक, गणपतीनंतर एक. तो शेवटचा आज नोव्हेंबरातही साईच्या रंगाचा आहे.