वॉचटॉवरचा 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स': गिटार सोडून बेसचा माग धरावा असा अल्बम

थ्रॅश मेटल या वेगवान, आक्रमक रॉक शैलीचा विषय निघाला की बोलणे मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या चार गटांभोवतीच फिरते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु या शैलीत तांत्रिक कसब कोणी टोकाला नेले असे विचारल्यास मी टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या वॉचटॉवर या चौकडीचे नाव घेईन. त्यांचा पहिला अल्बम १९८५ साली आला. त्यानंतर गायक आणि गिटारवादक दोघेही बदलले आणि १९८९ मध्ये जर्मनीच्या नॉइज रेकॉर्ड्सने 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स' हा त्यांचा दुसरा अल्बम प्रसिद्ध केला. त्यात आठ गाणी असून सगळा ऐवज पाऊण तासाच्या आत संपतो.

पहिल्यांदा मी तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला आणि तिसऱ्या गाण्यापर्यंतही पोहोचलो नाही. चूक अल्बमची नव्हती. यातील निम्मे संगीत डग कायझरच्या बेसमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांच्या गिटारमध्ये, आहे आणि तेवढ्याशा स्पीकरमधून नेमके तेच गळून पडते. बहुतेक थ्रॅश गटांत बेस हा गिटारच्या रिफची, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीची, सावली असतो. येथे तो स्वतंत्र वाट काढतो, रॉन जार्झॉम्बेकच्या गिटारला मध्येच आडवा जातो, आणि दोघे पुन्हा एकत्र येतात ते आपण कल्पिलेल्या जागी नव्हे. टेबलावर बोटाने मात्रा मोजत ऐकायला बसलो, तर सम आली असे वाटून बोट आपटावे आणि वाजवणारे अजून दीड मात्रा पुढे असावेत, असे माझे निदान दहा वेळा झाले. ड्रमर रिक कोलालुका ठेका धरून ठेवण्यापेक्षा या दोघांच्या संभाषणात तिसरा होऊन बोलणे पसंत करतो. त्याच्या वादनात जॅझ-फ्यूजनची, म्हणजे जॅझ आणि रॉक यांच्या मिश्रणाची, छाया स्पष्ट ऐकू येते.

'हे संगीत नव्हे, गणित आहे' हा आक्षेप या गटावर नेहमी घेतला जातो. मला तो 'मेडे इन कीव्ह' या गाण्यापाशी फोल वाटतो. गाणे चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेवर आहे. स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला आणि त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, १ मे रोजी, जवळच्या कीव्ह शहरात कामगार दिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे पार पडले. 'मेडे' म्हणजे तो दिवस आणि 'मेडे' म्हणजे संकटात सापडलेल्या जहाजाची किंवा विमानाची मदतीची हाक, हा शीर्षकातील श्लेष लक्षात आला की सतत पाया सरकणाऱ्या त्या तालाचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही. काहीतरी बिघडले आहे हे सर्वांना जाणवते आहे आणि नेमके काय ते कोणीच सांगत नाही, अशी ती अस्वस्थता आहे. सरळ चार मात्रांच्या ठेक्यात ती मावली नसती.

उणिवा नाहीत असे नाही. गायक ॲलन टेकिओ याचा स्वर बराच काळ तारसप्तकात अडकून राहतो आणि वाद्यांची एवढी दाटी असताना तो कानाला टोचतो. ध्वनिमुद्रण कोरडे आहे. ड्रम्सना थोडे अधिक वजन हवे होते. सुमारे आठ मिनिटांचे 'द फॉल ऑफ रीझन' मात्र या दाटीत श्वास घ्यायला जागा देते, म्हणून अल्बमचा उत्तरार्ध पेलतो.

ड्रीम थिएटर या अमेरिकन मेटल गटाचा ड्रमर माइक पोर्टनॉय याने वॉचटॉवरचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. तरीही ज्या श्रोत्यांना ड्रीम थिएटर पाठ आहे, त्यांतील अनेकांनी हा अल्बम ऐकलेला नसतो. यानंतर वॉचटॉवरचा पूर्ण लांबीचा तिसरा अल्बम आलाच नाही. २०१६ साली पाच गाण्यांचा एक छोटा संच तेवढा निघाला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार गुण. कापलेला अर्धा गुण टेकिओच्या वरच्या पट्टीचा. नव्या श्रोत्याने बरा हेडफोन घ्यावा, सुरुवात 'मेडे इन कीव्ह'पासून करावी, आणि पहिल्या ऐकण्यात गिटारकडे मुळीच लक्ष देऊ नये.