पीएचपीमेलर : संकेतस्थळावरून ईमेल पाठवणाऱ्या लायब्ररीचे परीक्षण

संकेतस्थळे बनवण्याच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत ईमेल पाठवण्यासाठी 'मेल' हे अंगभूत फंक्शन असतानाही पीएचपीमेलर ही मुक्त लायब्ररी (आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येणारा तयार कोड) २००१ पासून टिकून आहे आणि संकेतस्थळे चालवणारी वर्डप्रेस ही प्रणालीदेखील आपली पत्रे तिच्याच मदतीने पाठवते. अंगभूत फंक्शन मजकूर सर्व्हरवरील मेल प्रोग्रामच्या हवाली करून मोकळे होते; त्याचा होकार म्हणजे पत्र स्वीकारले गेले एवढेच, पोहोचले असे नव्हे. जोडपत्र किंवा एचटीएमएल मजकूर पाठवायचा, तर सगळी बांधणी हाताने करावी लागते. फॉर्ममधून आलेली माहिती न तपासता पत्राच्या हेडरमध्ये (प्रेषक, प्राप्तकर्ता, विषय यांच्या ओळींमध्ये) गेली, तर आपलाच संपर्क फॉर्म स्पॅम पाठवणाऱ्यांच्या कामी येतो, तो धोका वेगळाच. पीएचपीमेलर ही बांधणी आणि तपासणी स्वतःकडे घेते आणि एसएमटीपी सर्व्हरशी (ईमेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरशी) थेट, पासवर्डसह आणि कूटबद्ध जोडणीतून बोलते.

बसवणे सोपे आहे. पीएचपीच्या लायब्ऱ्या बसवणाऱ्या कंपोझर या साधनाची एक आज्ञा पुरते. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर कंपोझर नसेल, तर तीन फाइली अपलोड करून जोडल्या तरी काम भागते.

मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याने मात्र एक सेटिंग आधी बदलावे. लायब्ररीची मूळ अक्षरसंहिता आजही पश्चिम युरोपीय भाषांसाठीची आयएसओ-८८५९-१ आहे, त्यामुळे 'आपला अर्ज मिळाला' असा विषय लिहून पाठवलेले पत्र उघडल्यावर विषयाच्या जागी अर्थहीन चिन्हांची माळ दिसू शकते. 'कॅरसेट' हे सेटिंग देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-८ वर नेले की प्रश्न मिटतो. जुन्या कोडशी सुसंगतता राखण्यासाठी हे तसेच ठेवले असावे, पण देवनागरीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही निवड गैरसोयीची आहे. तसेच, कोडमध्ये पीएचपीमेलरचा ऑब्जेक्ट तयार करताना 'ट्रू' दिले नाही तर पत्र न गेल्यावर एक्सेप्शन (दुर्लक्ष करता न येणारी त्रुटीची सूचना) येत नाही, फक्त 'फॉल्स' परत मिळते. ते कोणी तपासले नाही तर अर्जदाराला 'धन्यवाद'चे पान दिसते आणि पत्र कुठेच जात नाही.

या लायब्ररीची सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे एसएमटीपी-डीबग. त्याची पातळी २ ठेवली की आपला प्रोग्राम आणि मेल सर्व्हर यांचा संवाद ओळीओळीने दिसतो आणि अडचण कुठे आहे ते लगेच उमगते. जोडणीच होत नसेल तर बहुधा होस्टिंगवाल्याने ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट (ईमेलच्या जोडणीचे क्रमांकित द्वार) अडवलेले असते. ५३५ हा क्रमांक आला तर ओळख पटलेली नाही असे समजावे. जीमेलच्या बाबतीत ५३५ चे नेहमीचे कारण म्हणजे खात्याचा रोजचा पासवर्ड वापरणे. तेथे द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. संकेतस्थळ खुले करताना डीबग बंद करायला विसरू नये. सर्व्हरची वाट पाहण्याची मूळ मुदतही ३०० सेकंद आहे; फॉर्म भरून बसलेला माणूस तेवढा वेळ थांबणार नाही, म्हणून ती कमी करणे शहाणपणाचे.

पत्र पोहोचेलच याची हमी मात्र ही लायब्ररी देऊ शकत नाही, आणि तो तिचा दोषही नाही. अनेकजण फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता 'सेट-फ्रॉम'मध्ये, म्हणजे प्रेषकाच्या जागी, घालतात. याहूने २०१४ मध्येच आपल्या पत्त्यांसाठी कडक डीमार्क धोरण (आपल्या नावाने परक्या सर्व्हरवरून आलेली पत्रे नाकारा, असे सांगणारा नियम) लागू केले असल्याने असे पत्र समोरचा सर्व्हर परतवून लावण्याची शक्यता मोठी असते. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्यावा आणि अर्जदाराचा पत्ता 'ॲड-रिप्लाय-टू'मध्ये ठेवावा.

सुरक्षेच्या बाबतीत इतिहास निष्कलंक नाही. डिसेंबर २०१६ मध्ये प्रेषकाच्या पत्त्यातून सर्व्हरवर परका कोड चालवता येईल अशी गंभीर त्रुटी उघड झाली, ५.२.१८ मधील दुरुस्ती अपुरी ठरली आणि ५.२.२० मध्ये ती पुन्हा करावी लागली. त्यामुळे जुन्या संकेतस्थळात ५.२ मालिकेतील प्रत दिसली, तर ती काढून सध्याची आवृत्ती घालावी.

संस्थेच्या शे-दोनशे सभासदांना सूचना पाठवण्यापर्यंत हे साधन पुरते, मात्र लूपमध्ये प्रत्येक पत्रानंतर आधीचे पत्ते पुसावे लागतात. अन्यथा यादी वाढत जाते आणि शेवटच्या सभासदाला सगळ्यांचे पत्ते दिसतात. हजारोंच्या घरातील वार्तापत्रासाठी रांग सांभाळणारी स्वतंत्र सेवाच घ्यावी.