जिमनीच्या मागे डर्ट बाइक: 38 किलोचा म्हणून विकलेला कॅरियर भरला 24 किलो

जळगाव-भुसावळ पट्ट्यात सध्या थार, जिमनीसारख्या जीपवजा गाड्यांच्या मागे बाइकचा कॅरियर बसवून घ्यायची लाट आहे. रविवारी पाल किंवा तोरणमाळला जायचं, तिथे बाइक उतरवायची आणि मातीत चालवायची. या हौसेपायी कसं फसवलं जातं, हे सगळ्यांना कळावं म्हणून तपशिलासह लिहितोय. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण हीच युक्ती करणारे बरेच आहेत.

आमच्या जिमनीसाठी ठरलेलं असं होतं: 50 बाय 50 मिमीचा, 5 मिमी जाडीचा चौरस पाइप, चेसिसला 8.8 ग्रेडच्या मजबूत बोल्टने जोडणी, वर पावडर कोटिंग, एकूण वजन 38 किलो. ‘दोनशे किलो आरामात झेलतो भाऊ, एआरएआय पास आहे,’ असं वर तोंडी सांगितलेलं. (एआरएआय म्हणजे गाड्या तपासून प्रमाणित करणारी पुण्याची संस्था.) दिसायला माल एकदम देखणा. पाइपच्या तोंडाशी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर बरोबर 5 मिमी.

रावेरहून पालकडे जाताना दुसऱ्याच गतिरोधकावर कॅरियरचं मागचं टोक चार बोटं खाली बसलं आणि बाइक मागच्या बाजूला झुकली. गाडी तिथेच थांबवली म्हणून निभावलं. मागे केळीचा ट्रक होता.

नंतर पाइप कापला. तोंडाशी दोन इंचभर आतून 3 मिमीच्या पट्ट्या चिकटवून वर ग्राइंडर मारलेला, आणि त्यापुढचा सगळा पाइप 2 मिमीचा, म्हणजे 14 गेजचा. व्हर्नियर जिथे पोहोचतो तेवढीच जागा जाड केलेली. वेल्डिंगवर पुट्टी भरून, घासून, त्यावर रंग. पुट्टी खरवडल्यावर सांध्यापाशी पाइपला जळून पडलेली भोकं दिसली. पातळ पाइप 6 मिमीच्या प्लेटला जोडताना करंट प्लेटच्या हिशोबाने ठेवला की पाइप जळतो. तडा नेमका त्या कडेनेच गेला होता.

2 आणि 5 मिमीतला फरक किरकोळ वाटतो, म्हणून आकडे बघा. बाइक रिसिव्हरच्या (गाडीला बसवलेल्या, कॅरियर ज्यात सरकतो त्या चौकोनी नळीच्या) तोंडापासून साधारण अर्धा मीटर मागे लटकते. 160 किलोची हिरोची एक्सपल्स 200 बाइक आणि कॅरियरचं वजन धरलं तर उभ्या गाडीतच 2 मिमीच्या पाइपवर सुमारे 160 मेगापास्कल ताण येतो. खड्ड्यात दुप्पट धक्का बसला की 320. साध्या चौरस पाइपचं लोखंड 210 ते 250 च्या दरम्यान कायमचं वाकायला लागतं. 5 मिमीच्या पाइपमध्ये हाच ताण 75 च्या आसपास आणि धक्क्यात 150 राहतो. त्यामुळे 2 मिमीचा पाइप वाकणारच होता.

पकडायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे वजन. 50 बाय 50 चा 2 मिमी पाइप मीटरला सुमारे 3 किलो भरतो, 5 मिमीचा सुमारे 7 किलो. कॅरियरमध्ये एकूण साडेतीन मीटर पाइप असेल तर एवढ्यातच 14 किलोंचा फरक पडतो. भंगारवाल्याच्या काट्यावर हा कॅरियर 24 किलो भरला. उरलेले पैसे देण्याआधी काट्यावर ठेवला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. दुसरी खूण: पाइपच्या मधोमध 4 मिमीचं भोक पाडायला सांगा आणि वाकवलेली तार आत अडकवून जाडी मोजा. नंतर रबरी बूच लावता येतं. प्रामाणिक फॅब्रिकेशनवाला याला नाही म्हणत नाही. ‘रंग खराब होईल’ म्हणून जो टाळतो, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असतं. डोकं कोरं असेल तर तो साधा बोल्ट समजा. आमच्या कॅरियरचे सहाच्या सहा कोरे निघाले. शिवाय जोड चेसिसला नव्हताच, बंपरच्या पत्र्याच्या ब्रॅकेटला होता. हे गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही. दोन इंची रिसिव्हरची आडवी पिन 16 मिमीची असते. इथे 12 मिमीचा बोल्ट घातला होता, म्हणून सगळा सांगाडा खुळखुळायचा.

पट्ट्यांचंही तसंच. रॅचेट पट्ट्यावर ‘2 टन’ छापलेलं असतं, पण बहुतेक वेळा तो तुटण्याचा आकडा असतो. वापरायचा भार साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. चार पट्टे लागतात. पुढचे दोन हँडलला न बांधता फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला बांधा, आणि फोर्क पूर्ण दाबू नका, नाहीतर ऑइल सील जातात. टायर आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा ठेवला की फोर्क आपोआप जास्त दाबला जात नाही. शिवाय दोन्ही चाकं कॅरियरच्या खाचेला वेगळी बांधा. वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या खडबडीत ते हमखास सैल पडतात.

आता जे विकणारा कधीच सांगत नाही ते. 5 मिमीचा खरा कॅरियर मिळाला तरी जिमनीला एक्सपल्स झेपत नाही. गाडीचं एकूण परवानगी वजन 1545 किलो, रिकामी गाडी साधारण 1200 किलोची. बाइक आणि कॅरियर मिळून 198, दोन माणसं 150, झाले 348. संपलं; हत्यारांची पेटीसुद्धा बसत नाही. त्यात बाइक-कॅरियरचं वजन मागच्या ॲक्सलच्या सुमारे 1.1 मीटर मागे. चाकांतलं अंतर 2.59 मीटर, म्हणून तराजूच्या न्यायाने पुढच्या चाकांवरचे सुमारे 84 किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर 198 नव्हे, 282 किलो वाढतात. स्टिअरिंग हलकं होतं, पुढचे ब्रेक कमी पकडतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. लळिंग किंवा कन्नडच्या घाटात हे अंगाशी येईल.

रुंदीही बघा. जिमनी 1645 मिमी रुंद, एक्सपल्स 2222 मिमी लांब. आडवी ठेवली की दोन्ही बाजूंना जवळपास 29 सेंटिमीटर बाहेर. भार असा बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1ए) नुसार 20,000 रुपये दंड आहे. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले तर ती वेगळी भानगड. गाडीला असा जोड दिल्याचं विमा कंपनीला कळवलं नसेल तर दावा अडू शकतो. आणि ‘एआरएआय पास’चं स्टिकर म्हणजे काहीच नाही; तुमच्या मॉडेलचं नाव असलेलं प्रमाणपत्र कागदावर मागा. आम्हाला ते कधीच दाखवलं नाही.

स्टेपनीला अडकवायचा कॅरियर सायकलींसाठी असतो. स्टेपनी मागच्या दारावर असते, त्या दाराच्या बिजागऱ्यांवर बाइक टांगायचा विचारही करू नका. 76 किलोची केएलएक्स 110 सारखी छोटी बाइक असेल तर चांगला कॅरियर चालू शकेल. त्याहून जड बाइकसाठी छोटा हत्ती भाड्याने घ्या, आम्ही आता तेच करतो.

फसलात तर आधी दुरुस्ती करू नका. तुटलेला भाग, कोरे बोल्ट, काट्याची पावती, सगळ्यांचे फोटो काढा. बिलावर जाडी आणि वजन लिहून घेतलेलं असेल तर बाजू भक्कम होते. तोंडी बोलणं व्हॉट्सॲपवर आणून त्याचा होकार मिळवा. 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पैसे ऑनलाइन घेऊन माणूस गायब झाला असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कापलेला पाइपचा तुकडा मात्र भंगारात घालू नका. तोंडाशी 5 आणि आत 2 मिमी हे त्या एका तुकड्यात दिसतं, आणि तक्रारीसोबत दाखवायला तोच लागतो.