इव्हॅन्गेलियन: जुनी मालिका की नवे चार चित्रपट?

इव्हॅन्गेलियन म्हणजे महाकाय यंत्रमानव चालवून लढणाऱ्या मुलांची जपानी अ‍ॅनिमेशन कथा. मावसभाऊ विचारतोय, ‘दादा, तिची १९९५-९६ची २६ भागांची मालिका पाहू की २००७ ते २०२१ मधले चार चित्रपट?’

वेळेचं म्हणशील तर मालिका साधारण दहा तास, चित्रपट साडेसात. फार फरक नाही.

मनाच्या तळाशी जायचं तर मालिकाच. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोनं ती स्वतःच्या नैराश्यानंतर केली, आणि ते जाणवतं. २२व्या भागात असुका आणि रेई या दोन लढवय्या मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळजवळ मिनिटभर चित्र हलतच नाही. दोघींमधला दुरावा अंगावर येतो. शेवटचे दोन भाग तर नायक शिन्जीच्या डोक्यातच घडतात. लढाईसाठी बसलेले तिथे वैतागतात.

सावरणं मात्र चित्रपटांत जास्त दिसतं. चौथ्यात शिन्जी गावात येऊन नुसता गप्प बसतो, जेवत नाही. असुका चिडून त्याच्या तोंडात घास कोंबते, त्याचा मित्र केन्सुके मात्र घाई करत नाही. पुढे बापाचा एकटेपणा उघडा पडतो आणि मुलगा तो ऐकून घेतो. मला इथे रडू आलं.

तुला एकटेपणा आतून समजून घ्यायचाय, म्हणून मालिका बघ. सध्या स्वतःच खचलेल्या माणसाला मी आधी चित्रपट सांगेन.