साताऱ्यात ब्रेझाचं ॲव्हरेज: गावात वेगळं, हायवेला वेगळं, घाटात वेगळं

आमची मारुतीची ब्रेझा पेट्रोल, मॅन्युअल, झेडएक्सआय मॉडेल. घरचे पाचजण, डिकी बऱ्यापैकी भरलेली, एसी चालू, असा वापर आहे. कंपनीचा आकडा लिटरला 19.89 किलोमीटर. तो गावात मिळत नाही आणि त्यात गाडीचा काही दोष नाही, कारण ती टेस्ट रोलरवर होते, एसी बंद असतो, स्पीड 90 च्या पुढे जात नाही, आणि तिथे राजवाड्याची गर्दीही नसते न् कासच्या वाटेवरचा यवतेश्वर घाटाचा चढही नसतो.

गावात 13-14 धरून चाला. शाहूपुरीतून निघा, पोरांना शाळेत सोडा, मंडई करा, घरी या, चार-पाच किलोमीटरमध्ये खेळ संपतो, इंजिन नीट तापायच्या आत गाडी परत बंद, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्तच ओढतं. वर आपलं शहरच किल्ल्याच्या उतारावर बसलेलं, म्हणजे दुसरा-तिसरा गिअर सोडवत नाही. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की चालू, त्याने थोडा फरक पडतो, लोक ही सोय बटण दाबून बंद करून ठेवतात, तसं करू नका.

हायवेला मात्र गाडी खुश करते. पुण्याला जाताना 80-90 ला पाचव्यात निवांत ठेवली तर 20 च्या वर मिळतं. तीच 110 ने हाणली की 16-17 वर येते, एवढी उंच बॉडी वारा कापत जायची म्हणजे जोर लागणारच. येताना जुना खंबाटकी घाट चढलात तर अजून थोडं कमी होतं.

आता कास. यवतेश्वर चढताना स्क्रीनवर बघितलं तर आकडा 8-9 वर आलेला असतो, आई मागून विचारते काय झालं रे, काही झालेलं नसतं, पाच माणसं वर चढवायला पेट्रोल लागतंच. उतरताना गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, त्या वेळी इंजिनला पेट्रोल जातच नाही, आणि इंजिन ब्रेकिंगही मिळतं. न्यूट्रलमध्ये सोडली तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं न् सगळा भार ब्रेकवर येतो. हे मी कळकळीने सांगतोय, घाटात न्यूट्रल नको म्हणजे नको. जाऊन-येऊन मिळून 15 च्या आसपास पडतं, नुसतं चढतानाचं बघून घाबरू नका.

ई-20 चं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, बरेचजण विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून थोडा फरक पडणारच, पण त्यातलं काही आपल्याकडच्या ऊसाचंही असतं, एवढं समाधान मला आहे.

ॲव्हरेज काढायचं तर एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप मीटर झिरो करा, पुढच्या वेळी परत तिथेच फुल करून भागाकार करा. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघा, प्रेशर दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आठवड्यातून दोनदा पुणे किंवा कराड होत असेल तर पेट्रोल मॅन्युअल डोळे झाकून घ्या. फक्त गावातच फिरवायची असेल तर सीएनजीवाली बघा, तिला किलोला 25.51 सांगतात, पण सिलिंडर डिकीत बसतो, मग पाच जणांच्या बॅगा कुठे ठेवायच्या ते शोरूममध्ये डिकी उघडून आधी बघून घ्या.