प्रियसच्या जाळीत फोमची नळी : एका हिवाळ्याचा अनुभव

सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणे हे हायब्रिड गाडीचे मोठेच सुख. परंतु अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या जानेवारीत हीटर चालू केला की ते हिरावले जाते, कारण हीटरला गरम कूलंट (इंजिनातून फिरणारे, त्याची उष्णता वाहून नेणारे द्रव) लागते आणि ते निवू लागले की उभ्या गाडीतही इंजिन पुन्हा सुरू होते. माझ्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियससाठी उपाय म्हणून, समोरच्या जाळीतून शिरणारा थंड वारा अडवायला, मी पाण्याच्या पाइपावर चढवतात ती राखाडी फोमची नळी आणली. त्याआधी मागवलेल्या जाळीच्या एका तयार प्लॅस्टिक झाकणाचे हूक दुसऱ्याच आठवड्यात थंडीने तडकले होते, आणि त्याच्या किमतीत अशा डझनभर नळ्या आल्या असत्या.

नळीला लांबीभर चीर असते. ती फाकवून खालच्या जाळीच्या आडव्या पट्ट्यांवर चढवली की काम झाले. फक्त फोम थंडीत ताठ होतो, तेव्हा नळ्या रात्रभर घरात ठेवाव्यात.

कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, सुमारे ८२ अंश सेल्सिअसला उघडते, मग त्याहून कमी तापमानाला रेडिएटर झाकून काय साधणार, अशी शंका मलाही होती. खरी उष्णता जाते ती जाळीतून आत शिरून थेट इंजिनच्या अंगाला लागणाऱ्या वाऱ्यामुळे, आणि नळी अडवते ती त्या वाऱ्याला. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) जोडलेल्या यंत्रावर, बाहेर उणे १५ असताना, पूर्वी शहरात साठीत घुटमळणारा कूलंटचा आकडा आता ८० च्या आसपास टिकतो आणि सिग्नलला इंजिन बहुतेक वेळा गप्प राहते. मायलेजही सुधारले आहे, पण टायरमधली हवा मी त्याच आठवड्यात भरली होती, त्यामुळे सारे श्रेय नळीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वरची जाळी मात्र मी मुद्दाम उघडी ठेवली आहे. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरचे कूलंट वेगळ्या मार्गाने फिरते, त्यालाही समोरचीच हवा लागते, आणि इंजिनच्या कूलंटचा आकडा त्याची खबर देत नाही. लांबच्या चढावर आकडा ९५ ओलांडू लागला तर एक नळी काढावी. त्याला अर्धे मिनिट पुरते.

तक्रार एकच आहे : गाडी धुण्याच्या यांत्रिक ब्रशने मधली नळी दोनदा उपटून काढली, दुसऱ्यांदा तर ती सापडलीच नाही.