सात लाख रुपये आणि पाचशेचा स्टँप

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, हद्दवाढ भागातलं एक साधं घर. खाली दोन खोल्या, वर एक, दारात बोअर. सांगितलेली किंमत 30 लाख, ठरली 28 लाख. घेणारं कुटुंब यंत्रमागावर राबून पै-पै साठवलेलं. आज त्यांचे 7 लाख गेले आहेत आणि हातात नोटरीचा शिक्का मारलेलं चार पानी साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार, उरलं आहे. त्या घरात दुसरं कुटुंब राहतंय, आणि त्यांचीही यात काही चूक नाही. नावं गाळून हा प्रकार मांडतो आहोत, कारण असाच व्यवहार आत्ता या शहरात कुणीतरी करत असेल.

सुरुवात 1 लाखाच्या विसाराने झाली, तीही चेकने. इथवर ठीक होतं. दहा दिवसांनी एजंटाने सांगितलं, "मालकांना पैशाची नड आहे, आणखी 6 लाख द्या, साठेखत करून टाकू." 500 रुपयांच्या स्टँपवर साठेखत झालं, नोटरीकडे सह्या झाल्या, फोटो लागले, शिक्के बसले. 6 पैकी 2 लाख खात्यावर गेले आणि 4 लाख रोख. रोखीचा आकडा कागदावर लिहू नका, असं मालकाने सांगितलं. घरखरेदीत 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होतो. म्हणून त्याला ती रक्कम कागदावर नको होती. साठेखतात फक्त 3 लाख आले.

कागद पाहिले नव्हते असं नाही. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहिली, त्यावर कर्जाचा बोजा नव्हता. महापालिकेच्या कराची पावती मालकाच्या नावाची होती. जुन्या खरेदीखताची रंगीत झेरॉक्स पाहिली. मूळ दस्त कुठे आहे विचारल्यावर "लॉकरमध्ये आहे, खरेदीच्या दिवशी आणतो" असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात तो दस्त एका पतसंस्थेत कर्जापोटी पडून होता.

अशा कर्जाला कायद्यात हक्कलेख जमा करून केलेलं गहाण म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58(एफ) मध्ये ते आहे. मूळ दस्त सावकाराच्या ताब्यात दिला की गहाण पुरं होतं, त्यासाठी गहाणखत लिहावंच लागतं असं नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करणं 2013 पासून बंधनकारक आहे. ती केली असेल तर शोधात सापडते. बँका आणि गृहकर्ज कंपन्यांचं गहाण सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत कुणालाही नाममात्र शुल्कात पाहता येतं. लहान पतसंस्थेचं गहाण मात्र या दोन्ही ठिकाणी नसू शकतं, आणि मिळकत पत्रिकेवरही दिसेलच असं नाही. म्हणून मूळ दस्त डोळ्यांनी पाहणं, हातात घेऊन पाठीमागचे शिक्के आणि दस्त क्रमांक तपासणं, याला पर्याय नाही. मूळ हरवला असं कुणी म्हणालं तर पोलिसांकडची नोंद, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयातली प्रमाणित नक्कल, तिन्ही मागा. एक जरी नसेल तरी पुढे जाऊ नका.

साठेखतानंतर मालक "आजारपण आहे", "मुलाचं लग्न आहे" करत दिवस ढकलत राहिला. तिसऱ्या महिन्यात कुटुंबाने गृहकर्जासाठी अर्ज केला. बँकेच्या वकिलांनी सर्च घेतला, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी शोधल्या, आणि सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, त्याच घराचं दुसऱ्याच्या नावे झालेलं नोंदणीकृत खरेदीखत निघालं. ते साठेखतानंतर सहा आठवड्यांनी झालं होतं.

दुसऱ्या खरेदीदाराने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. मूळ दस्त दाखवल्याशिवाय त्याने विसारही दिला नाही. तेव्हा मालकाला पतसंस्थेचं कर्ज कबूल करावं लागलं. या खरेदीदाराने पतसंस्थेकडून येणे बाकीचं पत्र घेतलं, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरली, मूळ दस्त आणि कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला स्वतः घेतला आणि लगेच खरेदीखत नोंदवलं. नोंदणीआधी त्याने सर्चही घेतला होता. त्यात पहिल्या साठेखताचा मागमूस नव्हता, कारण नोटरीकडची नोंद सूची दोनमध्ये येतच नाही. समोर बसून कुणी सही केली एवढंच नोटरी प्रमाणित करतो. मालकी कुणाची, बोजा आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. आधीच्या कराराची माहिती नसताना, प्रामाणिकपणे, पूर्ण मोबदला देऊन घेतलेल्या माणसाविरुद्ध तो करार बजावता येत नाही, असं विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम 19(बी) सांगतं.

मग पहिल्या कुटुंबाने साठेखत नोंदवलं का नाही? खर्चाच्या भीतीने. एजंटाने सांगितलं होतं की आता शुल्क भराल आणि खरेदीला पुन्हा भराल. हे खोटं होतं. महापालिका हद्दीत 28 लाखांवर 6 टक्क्यांनी 1,68,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1 टक्क्याने 28,000 रुपये नोंदणी फी होते. रेडीरेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत जास्त असेल तर हिशेब त्या किमतीवर. ताबा देण्याचं कलम असलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं, पण तेच शुल्क पुढे खरेदीखतात वळतं होतं. घर फक्त महिलेच्या नावे घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे इथे 28,000 रुपये. हे गणित कुणी त्यांना कागदावर मांडून दाखवलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

सर्चबद्दल सोलापूरपुरतं एक सांगायला हवं. शहरात एकाहून अधिक सह दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत आणि दस्त त्यांपैकी कुठेही नोंदवता येतो. एकाच कार्यालयाचा सर्च अपुरा. त्यातून 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत, बाळे, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे अशा ठिकाणी, एकच जागा कुठल्या दस्तात जुन्या सर्व्हे नंबरने, कुठल्या दस्तात प्लॉट नंबरने आणि कुठे सिटी सर्व्हे नंबरने लिहिलेली असते. तिन्ही क्रमांकांनी आणि मालकाच्या नावानेही शोध घ्या. सर्च 30 वर्षांचा असावा. तो ज्या दिवशी निघाला त्या दिवसापर्यंतचंच सांगतो, म्हणून खरेदीखताच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. जाहीर नोटीस विसारानंतर लगेच स्थानिक मराठी दैनिकात द्या. ती मुख्यतः हरकती मागवण्यासाठी असली, तरी पुढे कुणी "मला या व्यवहाराची माहिती नव्हती" म्हणालं तर तीच कामाला येते. पेठेतलं वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदणीकृत आहेत का पाहा, साध्या संमतीपत्रावर विसंबू नका.

विक्रेत्याचं कर्ज बँकेत असेल तर दुसऱ्या खरेदीदारासारखंच करायचं: येणे बाकीचं पत्र, बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत त्यांची यादी, आणि पैसे थेट कर्जखात्यात. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करावेत, बँकेमुळे उशीर झाल्यास कर्जदाराला दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2023 चा आदेश आहे.

याच्या उलटा प्रकार विकणाऱ्याच्या बाबतीत होतो, आणि तो जास्त वाईट. घरावर 5 लाख हवे असतात, सावकार म्हणतो गहाणखत नको, खरेदीखतच करू, पैसे फेडले की उलट खरेदी करून देतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58(सी) नुसार परत करण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार सशर्त विक्रीने केलेलं गहाण मानला जात नाही. वेगळ्या कागदावरचं वचन इथे पुरत नाही. सावकार बिनपरवाना असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली तक्रार करता येते.

फसवलेल्या त्या कुटुंबाकडे आता काय आहे? नोंदणी नसली तरी ते साठेखत अगदीच निरुपयोगी नाही. मुद्रांक शुल्काची तूट आणि त्यावर महिना 2 टक्क्यांप्रमाणे दंड भरला तर दाव्यात पुरावा म्हणून येतं. करार मोडल्याचं कळल्यापासून दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षांची, पण कागदावर खरेदीची ठराविक तारीख असेल तर ती त्या तारखेपासून मोजली जाते, हे बरेच जण विसरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार देता येते. "हा दिवाणी वाद आहे" असं उत्तर मिळालं तर झेरॉक्स दाखवताना दस्त लॉकरमध्ये असल्याचं सांगणं आणि त्या तारखेला तो पतसंस्थेत असणं, हे दोन मुद्दे पतसंस्थेच्या पत्रासह लेखी द्या. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे तिथेच दिसतं. परताव्याचा दावा मात्र 3 लाखांचा ठाम उभा राहतो. उरलेल्या 4 लाखांसाठी त्यांच्याकडे बँकेतून रक्कम काढल्याची नोंद आणि एजंटाचे व्हॉट्सॲप संदेश आहेत, आणि ते संदेश असलेला मूळ फोन त्यांनी अजून जपून ठेवला आहे.